हिशोबाचं बोलू: नफा झाला म्हणता, मग पैसे कुठायत?

या वेळची बरीच पत्रं सिझनवाल्यांची आहेत, म्हणजे मसाले, पापड-कुरडया, मंडप, शिलाई वगैरे. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे, वही आहे पण वहीतून काही कळत नाही. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न: मी इचलकरंजीत घरी कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करते, सासूबाई मदतीला असतात. एप्रिलमध्ये ६५ हजाराचा माल गेला. मिरची, खोबरं, बाकी मसाल्याचं सामान मिळून ५२ हजाराची खरेदी झाली आणि डंक (मसाला कांडणं), पॅकिंग, गॅस, टेम्पो असे साडेनऊ हजार गेले. म्हणजे साडेतीन हजार तरी उरायला हवे होते ना, पण गल्ल्यात महिन्याच्या सुरुवातीला होते तेवढेच आहेत. मुलीच्या क्लासची फी आणि किराण्याला ९ हजार त्यातूनच घेतले. दोन हॉटेलवाल्यांकडे मिळून उधारी ७ हजारानं वाढली, मिरचीवाल्याचे माझ्याकडे साडेबारा हजार राहिलेत. घरात मिरचीची पोती आहेत अजून. मी वहीत सगळं लिहिते पण धंदा फायद्यात आहे की तोट्यात तेच समजत नाही. मी बचत गटातही आहे. मुलगा म्हणतो अ‍ॅप घे. अ‍ॅप घेऊ की क्लास लावू?

ताई, अ‍ॅप नंतर. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते शेवटी सहज लिहून टाकलंय, "मिरचीची पोती आहेत अजून". तुम्हाला फोन करून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की महिन्याच्या सुरुवातीला घरात साधारण ८ हजाराचा माल होता आणि शेवटी १९ हजाराचा. आता बघा, ५२ हजाराची खरेदी झाली हे खरं पण ५२ हजाराचा माल एप्रिलच्या विक्रीत लागला नाही, आधीचा ८ अधिक खरेदी ५२ म्हणजे ६०, त्यातून शिल्लक १९ वजा केले की ४१ हजार. एवढाच माल लागला. ६५ मधून ४१ गेले, साडेनऊ खर्च गेला, राहिले साडेचौदा हजार. हा तुमचा एप्रिलचा नफा. तुम्ही साडेतीन समजत होता.

मग पैसे कुठायत? साडेचौदातले ११ हजार मिरची होऊन पोत्यात बसलेत, कारण साठा ८ चा १९ झाला. ७ हजार हॉटेलवाल्यांकडे आहेत. ९ हजार घरी गेले. हे झाले २७ हजार, आणि नफा तर साडेचौदाच, मग वरचे साडेबारा आले कुठून, तर मिरचीवाल्यानं थांबून घेतलं म्हणून. बरोबर तेवढाच आकडा आहे की नाही? गल्ला जिथल्या तिथे का राहिला ते इथे कळतं. धंदा तोट्यात नाही, पण एप्रिलचं घर मिरचीवाल्याच्या उधारीवर चाललंय, आणि तो मे मध्ये पैसे मागायला येणार तेव्हा हॉटेलवाल्यांचे आलेले असले पाहिजेत. सिझनला वर्षाची मिरची भरावीच लागते, त्यात चूक काही नाही, फक्त भरताना हे माहीत असावं.

अजून एक, हे साडेचौदा हजार म्हणजे निव्वळ नफा असं डोक्यात धरू नका, त्यात तुमची आणि सासूबाईंची मजुरी आहे. दोघी महिनाभर खोबरं भाजताय, लसूण सोलताय, पॅकिंग करताय, त्याचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, लावून बघा एकदा. मला वाटतं तुमच्या किलोच्या भावात तो धरलेलाच नाहीये. भाव ठरवायची वेळ येईल तेव्हा हा आकडा समोर ठेवा, हॉटेलवाला घासाघीस करायला लागला की उपयोगी पडतो.

आता वही कशी लिहायची. तुमची वही म्हणजे एकाखाली एक नोंदी आहेत, खर्च पण त्यातच, उधारी पण त्यातच, क्लासची फी पण त्यातच. त्याच्या तीन वह्या करा, शाळेच्या शंभर पानी चालतील.

पहिली रोजमेळ, म्हणजे त्या दिवशी रोख किती आली किती गेली. जुने लोक जिला श्री शिल्लक म्हणतात तिच्यापासून सुरुवात, म्हणजे सकाळी गल्ल्यात असलेली रोकड. उदाहरण देते, सकाळी श्री शिल्लक २,३४०. दिवसभरात रोख विक्री ३,१५०, एका गिऱ्हाइकाची जुनी उधारी आली ८००. एकूण ६,२९०. गेले किती, मिरची २,४००, डंकाला ३५०, रिक्षा १२०, घरी उचल १,०००, म्हणजे ३,८७०. संध्याकाळी गल्ल्यात २,४२० पाहिजेत. आता मोजा. समजा २,२२० निघाले. दोनशे कमी आहेत. इथेच लोक काय करतात, कुठंतरी "किरकोळ २००" टाकून मेळ बसवतात आणि झोपतात. तसं करू नका, "तूट २००" असं स्पष्ट लिहा आणि आठवा. रात्री साडेनऊला आठवतं की दुपारी लसणीवाला येऊन गेला होता. महिन्यानं काही आठवत नाही, म्हणून रोजच्या रोज. युपीआयनं आलेले पैसे या रोकडीत धरायचेच नाहीत, शेजारी वेगळा रकाना करा, "बँक". विक्री ती पण आहेच पण ती गल्ल्यात सापडणार नाही, आणि मेळ न बसण्याचं हल्लीचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

दुसरी वही खतावणी. एकेका माणसाला एकेक पान. हॉटेलवाल्याच्या पानावर डावीकडे नावे, म्हणजे तुम्ही दिलेला माल, उजवीकडे जमा, म्हणजे त्यानं दिलेले पैसे. ३ तारखेला ५ किलो मसाला ३,००० नावे, १० तारखेला २,००० जमा, येणं १,०००. मिरचीवाल्याचं पण पान हवं, तिथे उलटं होईल, त्यानं माल दिला की जमा, तुम्ही पैसे दिले की नावे. दर महिन्याला हे पान फोटो काढून समोरच्याला व्हॉट्सअ‍ॅप करा, "बाकी बरोबर आहे ना" एवढंच विचारा. उधारी वसुलीचा यापेक्षा सभ्य मार्ग मला माहीत नाही.

तिसरी छोटी डायरी, महिन्याच्या शेवटच्या तारखेला घरात काय काय माल आहे त्याची यादी, वजन आणि खरेदीचा भाव, विक्रीचा नाही. हे न केल्यामुळेच तर साडेचौदाचे साडेतीन झाले.

आणि घरी जे घेता त्याला "उचल" म्हणून वेगळं पान. तो धंद्याचा खर्च नाही. क्लासची फी खर्चात टाकलीत तर मसाला महाग पडतोय असं वाटायला लागतं, प्रत्यक्षात मसाला बिचारा ठीकच असतो.

क्लासचं म्हणाल तर तुम्ही बचत गटात आहात असं लिहिलंय. गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं सूत्र म्हणजे हिशोबाच्या वह्या अद्ययावत ठेवणं. तुमच्या गटात ज्या ताई लिहितात त्यांच्याशेजारी दोन बैठका बसा, निम्मं येऊन जाईल. शिवाय जिल्ह्यात आरसेटी असते, बँकेनं चालवलेली स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, तिथलं ट्रेनिंग फुकट असतं आणि धंद्याच्या ट्रेनिंगमध्ये हिशोबाचा भाग पण घेतात. वाचून शिकायचं असेल तर बालभारतीचं अकरावी कॉमर्सचं पुस्तपालनाचं पुस्तक मराठीत आहे, पहिले दोन-तीन धडे पुरेत, बाकीचं तुम्हाला आत्ता काय करायचंय. टॅलीचा, म्हणजे कंप्युटरवरच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास सगळ्यात शेवटी. तीन वह्या दोन-तीन महिने नीट लिहिल्या की अ‍ॅप घ्या, तेव्हा त्यातलं "पार्टी", "स्टॉक", "कॅश इन हँड" बघून लगेच कळेल की अरे ही तर आपलीच वही.

प्रश्न: टॅली शिकतोय (छत्रपती संभाजीनगर). बँकेच्या स्टेटमेंटला पैसे आले की क्रेडिट दाखवतात, टॅलीत तेच डेबिट करायला सांगतात. सर म्हणतात पाठ करा. डोकं चालत नाही.

पाठ करू नका. स्टेटमेंट ही बँकेची वही आहे, तुमची नाही. तुम्ही बँकेत दहा हजार भरले की बँक तुमची देणेकरी झाली, म्हणून बँकेच्या वहीत तुमच्या पानावर जमा, म्हणजे क्रेडिट. तुमच्या वहीत बँकेचं पान आहे, बँकेकडून तुम्हाला दहा हजार येणं आहे, म्हणून बँकेच्या नावे, म्हणजे डेबिट. दोघंही बरोबर आहेत, दोघं आपापल्या बाजूनं लिहितायत. वर मिरचीवाल्याच्या पानाचं जे सांगितलं तेच, त्याच्या दुकानातल्या खतावणीत इचलकरंजीच्या ताईंच्या नावे साडेबारा हजार असणार आणि ताईंच्या वहीत त्याला साडेबारा हजार जमा.

एकदा हे बसलं की महिन्याला बँक मेळ लावायला शिका, टॅलीत बँक रिकन्सिलिएशन म्हणतात तो. तुमच्या वहीची बँक शिल्लक आणि स्टेटमेंटची शिल्लक शेजारी ठेवायची, फरक आला की तो बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टींचाच असतो, दिलेला चेक अजून वटला नाही, बँकेनं चार्जेस कापले ते तुम्ही लिहिले नाहीत, किंवा कुणीतरी परस्पर खात्यात पैसे टाकले आणि सांगितलं नाही. नोकरीला जाल तिथे पहिल्या महिन्यात हेच काम देतील, जर्नल एन्ट्र्यांच्या वीस उदाहरणांपेक्षा याची प्रॅक्टिस करा.

प्रश्न: नांदेडला मोबाईल रिपेअरिंग आणि अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. वर्षाला २५-२६ लाख होतात. मित्र म्हणतो ४० लाखापर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. खरं का?

मित्राचं अर्धं खरं आहे दादा. ४० लाखाची मर्यादा आपल्याकडे फक्त माल विकणाऱ्याला आहे. सेवा देणाऱ्याला २० लाख. तुम्ही कव्हर-चार्जर विकता आणि रिपेअरिंगची मजुरी पण घेता, म्हणजे दोन्ही आहे, अशा वेळी ४० ची सवलत मिळत नाही, २० च धरायचे. आणि हे २० लाख म्हणजे नफा नाही, एकूण उलाढाल, एकाच पॅनवरची सगळी, भावाच्या गावात तुमच्याच पॅनवर दुसरं दुकान असेल तर ते पण त्यातच. तुम्ही २५ म्हणताय, म्हणजे मर्यादा ओलांडून झालीय, उद्याच सीएकडे किंवा टॅक्स प्रॅक्टिशनरकडे जा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

जाताना गेल्या वर्षभराची विक्री आणि मजुरी वेगवेगळी काढून न्या. तुमच्याकडे ती वेगळी लिहिलेली नसणार असा मला दाट संशय आहे कारण रिपेअरिंगच्या दुकानात "डिस्प्ले १,८००" असं एकच लिहितात, त्यात पार्ट किती आणि मजुरी किती ते कुणालाच माहीत नसतं. आजपासून बिलावर दोन ओळी करा. जीएसटीसाठी म्हणून नाही, कुठल्या कामात पैसे मिळतात ते तुम्हाला तरी कळेल. आणि पार्ट घेताना बिल मागा. नंबर आल्यावर खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे तेवढी वजावट, हवं असेल तर पुरवठादाराचं तुमच्या नंबरावरचं बिल पाहिजे, आणि त्यानं ते त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं पण पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर काही मिळत नाही. कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, बसते का तेही तिथेच विचारा, त्यात गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही आणि क्रेडिट पण नाही, पण कागदपत्रं कमी.

प्रश्न: डोंबिवलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. दुकानातला क्यूआर नवऱ्याच्या सेव्हिंग खात्याचा आहे, त्याचा पगार पण त्यातच येतो. मैत्रीण म्हणाली नोटीस येईल, क्यूआर काढून टाक आणि कॅश घे.

क्यूआर काढू नका, क्यूआरचं खातं बदला. मैत्रिणीनं बहुतेक बेंगळुरूचं ऐकलंय, २०२५ च्या जुलैत तिथे छोट्या दुकानदारांना युपीआयनं जमा झालेल्या रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बऱ्याच जणांनी स्टिकर काढून "ओन्ली कॅश" लावलं. पण त्यातनं शिकायचं काय, तर खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो हे सांगता आलं पाहिजे. भावानं परत केलेले उसने, भिशीचे पैसे, नवऱ्याचा पगार आणि ब्लाउजची शिलाई सगळं एकाच खात्यात असेल तर कुणी विचारल्यावर तुम्ही काय दाखवणार? तुमच्या स्वतःच्या नावानं, तुमच्या पॅनवर वेगळं खातं उघडा, करंट असेल तर उत्तम, त्यावर दुकानाचा क्यूआर घ्या आणि त्या खात्यातून भाजी घेऊ नका. घराला लागतात तेव्हा महिन्यातून एक-दोनदा ठरावीक रक्कम नवऱ्याच्या किंवा तुमच्या सेव्हिंगला ट्रान्सफर करा, ती उचल.

उलट युपीआयचा तुम्हाला फायदाच आहे. छोट्या धंद्याला इन्कम टॅक्समध्ये अंदाजे नफ्याची योजना आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय त्यात नंबर बदललाय पण योजना राहिलीय. उलाढाल २ कोटीपर्यंत असेल तर रोखीच्या विक्रीवर निदान ८ टक्के आणि बँकेनं-युपीआयनं आलेल्या विक्रीवर निदान ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरता येतो, तपशीलवार वह्या मागत नाहीत. यावरून काही जण वह्याच बंद करतात. अहो, वह्या इन्कम टॅक्सवाल्यांसाठी नसतात, दिवाळीत अस्तराचं कापड किती भरायचं आणि फॉल-पिकोचा भाव वाढवायचा का ते कळायला असतात. आणि कर्जाला गेलात की बँकेचा माणूस पहिलं स्टेटमेंटच मागतो, त्यात आलेली शिलाई स्वच्छ दिसली तर निम्मं बोलणं वाचतं.

प्रश्न: मंडप-डेकोरेशन, बार्शी. डिसेंबरच्या लग्नांचे अ‍ॅडव्हान्स ऑक्टोबरपासून येतात. मी ते आले की विक्रीत धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर जोरात आणि जानेवारी मेलेला दिसतो. मजुरांना रोख देतो, पावती कोण देणार?

अ‍ॅडव्हान्स ही विक्री नाही, तारीख मोडली तर परत द्यायला लागतो तो, म्हणजे देणं आहे. खतावणीत त्या पार्टीच्या पानावर जमा करून ठेवा, मंडप लागला, बिल झालं की मग विक्री. तुमचं ऑक्टोबर-नोव्हेंबर जोरात आणि जानेवारी मेलेला दिसतो असं लिहिलंय त्याचं कारण हेच असणार, आणि खरा धोका असा की ऑक्टोबरात पैसे दिसले म्हणून नवीन सोफे घेतले जातात आणि डिसेंबरात डिझेल आणि मजुरीला पैसे राहत नाहीत.

मजुरीसाठी हजेरीचं रजिस्टर करा, तारीख, नाव, काम कुठलं, रोज किती, उचल किती, दिले किती, समोर सही किंवा अंगठा. तीच पावती. एका माणसाला एका दिवसात रोख १० हजाराच्या वर दिलेत तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरत नाहीत, मजुराचा एवढा होत नाही पण लायटिंगवाला, जनरेटरवाला यांचा होतो, त्यांना बँकेतून द्या. कुणाकडून उसने घेत असाल तर २० हजार किंवा वर रोखीनं घेऊच नका, त्याला वेगळा दंड आहे आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असतो.

प्रश्न: आमच्याकडे आजोबांपासून लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करून पाडव्याला नवीन वही सुरू होते. सीए म्हणतात एप्रिलपासून करा. कुणाचं ऐकू? (किराणा, वाई)

दोघांचं. १९८९ च्या आधी दिवाळी ते दिवाळी वर्ष इन्कम टॅक्सला चालायचं, तेव्हापासून सगळ्यांना एप्रिल ते मार्च केलं. हिशोबाची वही १ एप्रिलला उघडा, ३१ मार्चला रात्री दुकान बंद करून माल मोजा, गल्ला मोजा, येणं-देणं उतरवून घ्या. पूजनाला जी वही ठेवाल ती खतावणी ठेवा, उधारीची. पाडव्याच्या निमित्तानं जुनी बाकी मागायला कुणाला वाईट वाटत नाही, आजोबा काही उगाच पेढे ठेवून बसत नव्हते.

आणि जुन्या वह्या रद्दीत घालू नका. जीएसटी नंबर असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने वह्या आणि बिलं जपून ठेवायची असतात. थर्मल कागदाची बिलं तोपर्यंत कोरी होतात, पेट्रोलची, काट्याची, कुरिअरची, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढून महिन्याच्या फोल्डरला टाका.